दादाच्या शर्टाची उजवी बाजू

माझी वहिनी आयुष्यभर पोस्टाच्या खिडकीमागे बसली. तिकिटं फाडली, पावत्यांवर शिक्के मारले, रांगेतल्या भांडखोर लोकांना गोड बोलून जागेवर बसवलं. सुई मात्र तिने कधी हातात धरली नाही. शर्टाचं बटण तुटलं तर माझा भाऊ, म्हणजे दादा, स्वतःच लावायचा. तो बस चालवायचा, आणि बसच्या ड्रायव्हरला सगळं यावं लागतं असं त्याचं म्हणणं होतं. अशी बाई निवृत्तीनंतर शिलाई मशीन घ्यायला निघाली तेव्हा मी पोट धरून हसायला हवं होतं. पण हसण्यासारखं घरात काही उरलं नव्हतं.

दादाला झटका आला आणि त्याची उजवी बाजू गेली. पाय हळूहळू काठीच्या आधाराने परत आला, हात आला नाही. तो छातीशी दुमडलेला राहिला. व्यायामाच्या डॉक्टरांनी स्पष्ट सांगितलं होतं, "सुरुवातीचे महिने सोन्याचे असतात. हात आत्ता हलवला तर हलेल, नंतर मी काही करू शकणार नाही." दादा चार वेळा गेला आणि मग दार लावून बसला.

कारण काय, तर शर्ट. व्यायामाआधी शर्ट काढायचा, नंतर घालायचा. दादाला ते एका हाताने जमेना. डोक्यावरून घालायचे बनियनसारखे कपडे आणून पाहिले, तर आखडलेला खांदा वर जाईना. मग तिथला मदतनीस त्याला कपडे घालायचा. एकदा तो सगळ्यांसमोर म्हणाला, "चला, बाळाला अंगडं घालू या." लोक हसले. दादाही हसला म्हणे. घरी आल्यावर त्याने काठी कोपऱ्यात उभी केली आणि सांगितलं, "आता मी कुठे जायचा नाही."

आम्ही सगळ्यांनी त्याला समजावलं. मी तर त्याला चांगलंच फैलावर घेतलं. माझ्या तोंडाचा पट्टा एकदा सुटला की थांबत नाही. दादा भिंतीकडे बघत राहिला. वहिनी मात्र शर्टाकडे बघत होती.

तिच्या डोक्यात असं आलं होतं की उजवी बाही गळ्यापासून मनगटापर्यंत वरून उघडी ठेवायची आणि तिथे बॅगेला असते तशी चिकटपट्टी लावायची. पुढच्या बटणांच्या जागीही तीच. म्हणजे डावा हात बाहीत घालायचा, उजवा नुसता आत ठेवायचा आणि वरून बंद करायचं. कुणाची मदत नको.

"शिंप्याकडून करून घेऊ," मी म्हणाले.

"त्याला काय सांगायचं? कुणासाठी ते?" दादा आतून ओरडला. "गावभर करा माझं."

तर आम्ही मशीन बघायला गेलो. दुकानदार भला माणूस होता, पण विकणाराच. त्याने आधी मोटरची मशीन पुढे केली. तिच्यावर टाक्यांची एवढी चित्रं होती की पानं, फुलं, बदकंसुद्धा. त्याने खळ लावलेल्या कडक कापडाचा तुकडा घातला आणि सर्रकन शिवून दाखवला.

वहिनीने पिशवीतून दादाचा जुना, धुऊन धुऊन मऊ पडलेला शर्ट काढला. "यावर दाखवा."

दुकानदाराने पहिल्यांदा तिच्याकडे नीट पाहिलं. मऊ कापड त्या मशीनने जरा गोळा केलं. मग वहिनी स्वतः बसली, पायाने कळ दाबली आणि शर्टाची बाही तिच्या हातून सुटून मशीनखाली पळाली. वहिनीने दोन्ही हात असे वर केले, जसं काही कुणी बंदूक रोखलीय. पायाची मशीन तिने चालवून पाहिली, पण तिचा गुडघा आधीच कामातून गेलेला. शेवटी राहिली ती हाताची मशीन. उजव्या बाजूला चाक, चाकाला दांडा. फिरवाल तेवढीच चालणार.

"पण हिच्यात कापड धरायला एकच हात राहतो, बाई," दुकानदार म्हणाला. "नवशिक्याला जड जातं."

"थांबवल्यावर थांबते ना?"

"तेवढं मात्र आहे."

"मग हीच."

बदकांवर पाणी सोडून आम्ही घरी आलो.

त्यानंतरचे दिवस आठवले की अजूनही माझे कान दुखतात. वहिनीने खिडकीशी टेबल ओढलं आणि उशीचे अभ्रे शिवायला घेतले. खालून दोऱ्याचं अख्खं घरटं निघायचं. तिने सुई बदलली, बॉबिन पुन्हा भरलं, दोऱ्याला शिव्या घातल्या. मला जेव्हा दिसलं की कापड दाबणारा तो छोटा पाय खाली पाडायचाच ती विसरतेय, तेव्हा मी म्हणाले, "वहिनी, पोस्टातही शिक्का मारताना हात खाली आणायला विसरत होतात का?" ती रागावली नाही. अभ्र्यानंतर पिशव्या आल्या, पिशव्यांनंतर पडदा. पडद्याची एक बाजू दुसरीपेक्षा वीतभर लांब होती. तो अजून तसाच लटकतोय.

दादा आतल्या खोलीतून ऐकायचा. "क्लच न दाबता गिअर टाकतेय ती," एवढंच कधीतरी म्हणायचा. डॉक्टरांकडून फोन यायचे. वहिनी म्हणायची, "येतोय, पुढच्या आठवड्यात येतोय." फोन ठेवल्यावर तिचा चेहरा बघवत नसे. एकीकडे हाताचे दिवस संपत होते, दुसरीकडे तिला सरळ शिवण जमत नव्हती. जीव टांगणीला लागणं म्हणजे काय ते मी तेव्हा पाहिलं.

शेवटी तिने नवं कापड आणलं. निळ्या रेघांचं, दादाला आवडायचं तसं. जुना शर्ट उसवून त्याचे तुकडे वर ठेवले, खडूने आखलं, कापलं, शिवलं. कॉलर जरा वाकडी बसली, पण तो शर्ट होता, कुणीही शर्टच म्हटलं असतं. तिने तो दादाच्या पलंगावर ठेवला आणि बाहेर येऊन दार ओढून घेतलं. आम्ही दोघी दाराबाहेर परीक्षेच्या निकालाला उभं राहिल्यासारख्या उभ्या. आतून कापडाची सळसळ, मग काठी पडल्याचा आवाज.

दार उघडलं. दादा शर्ट हातात घेऊन उभा होता. "उघडी बाही डावीकडे आहे," तो म्हणाला.

टेबलावर पसरलेला शर्ट समोर उभ्या माणसासारखा असतो. त्याची उजवी बाजू आपल्या डाव्या हाताला येते. वहिनीने आपल्या उजव्या हाताकडची बाही उघडी ठेवली होती. आयुष्यभर खिडकीतून समोरच्या माणसाकडे बघत बसलेल्या बाईने नेमकी हीच चूक करावी.

"उलटा करून घातला तर?" मी म्हणाले. दादाने माझ्याकडे असं पाहिलं की मला माझी जीभ तोडून टाकावीशी वाटली. त्याने शर्टाची घडी घालायचा प्रयत्न केला, एका हाताने ती होईना, म्हणून तो तसाच वहिनीच्या हातात दिला. "जाऊ दे," तो म्हणाला. "तू तरी किती करशील." ओरडला असता तर बरं झालं असतं.

त्या दिवशी वहिनी मशीनवर डोकं ठेवून रडली. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने उरलेलं कापड पुढे ओढलं. या वेळी खडूने प्रत्येक तुकड्यावर मोठं "उ" लिहिलं. पण उघड्या बाहीची कड लांबलचक. एका हाताने चाक फिरवायचं, दुसऱ्याने ती कड सरळ धरायची. घाई झाली की कापड सरकायचं. उसवायची, पुन्हा लावायची, पुन्हा सरकायचं.

दादा कधी बाहेर आला ते आम्हाला कळलंच नाही. त्याने पायाने खुर्ची ढकलत आणली आणि टेबलापलीकडे, वहिनीच्या समोर बसला. समोर बसल्यावर मशीनचं चाक त्याच्या डाव्या हाताला आलं. त्याने दांडा धरला.

"तू कापड बघ," तो म्हणाला आणि फिरवला. दोरा खाड्कन तुटला.

"अहो, ढकलू नका. स्वतःकडे ओढा. तिकडून उलटं होतं सगळं."

"तेच तर तुला त्या दिवशी कळलं नाही."

वहिनी हसली. कित्येक महिन्यांनी त्या घरात कुणीतरी हसलं. मग ती दोन्ही हातांनी कापड धरायची आणि म्हणायची, "हळू, वळण आलं," आणि दादा दांड्याचा वेग असा कमी करायचा की गाडीतल्या म्हाताऱ्या माणसालाही धक्का बसू नये. ती शिवण सरळ आली. खरंच सरळ.

शर्ट त्याने एकट्याने घातला. डॉक्टरांकडे एकट्याने काढला, पुन्हा घातला. तो मदतनीस शेजारी उभा होता, दादाने त्याच्याकडे बघितलंसुद्धा नाही. डॉक्टरांनी हात तपासला, बोटं एकेक उघडून पाहिली, टोचून पाहिली. "खांदा मोकळा होईल," ते म्हणाले. हात खाली ठेवत म्हणाले, "बोटांचं मात्र आता फारसं धरून चालू नका. तुम्ही आधी यायला हवं होतं."

परत येताना वहिनी रस्त्याच्या कडेने चालत होती. मला माहीत होतं ती काय मोजतेय. अभ्रे, पिशव्या, तो वाकडा पडदा, आणि चुकीच्या बाजूचा शर्ट. त्यातला प्रत्येक दिवस त्या बोटांचा होता. मला तिला सांगायचं होतं की चूक तुमची नाही, दार लावून बसला तो हा. पण दादा बरोबर होता, आणि खरं सांगायचं तर चूक कुणाची हे मलाही कळत नव्हतं.

व्यायाम चालू राहिला, म्हणून आणखी शर्ट लागणार होते. काही दिवसांनी मी गेले तर वहिनीने नवं कापड टेबलावर पसरलं होतं. गुळगुळीत कापड होतं, कात्री लावली की पुढे सरकत होतं. ती मला म्हणाली, "कडेला काहीतरी जड ठेव गं." मी इकडेतिकडे बघत होते, तेवढ्यात समोर बसलेल्या दादाने डाव्या हाताने आपला उजवा हात उचलला आणि कापडाच्या कडेवर ठेवला. बोटं एकेक करून सरळ केली.

"काप आता," तो म्हणाला. "हा हलायचा नाही."

वहिनीच्या हातातली कात्री तशीच उघडी राहिली.