आपण जिंकल्याचा गुलाल

अर्जदार: मी, धाराशिवच्या कचेरीसमोर अर्ज लिहून देणारा. विरुद्ध: नाव ठाऊक नसलेला एक वयस्क इसम. साक्षीदार: शेजारचा चहावाला.

महाराष्ट्राचे खो-खो संघ, मुलांचा तसाच मुलींचाही, अलीकडे लागोपाठ विजेतेपदे आणीत आहेत. प्रत्येक विजयानंतर सदर इसम उमरग्याच्या एसटीतून उतरतो आणि दिसेल त्याच्या कपाळी गुलाल लावीत सुटतो. माझ्यासमोर बसलेली माणसे उठून त्याच्याभोवती जमतात. परवा एका बाईने गुलालाची बोटे तयार अर्जावर टेकवली. तो मला पुन्हा लिहावा लागला.

मी संतापून विचारले, "आपला मुलगा संघात आहे काय?"

"न्हाय की."

"आपण स्वतः खेळलात?"

"शाळेत. लई लवकर बाद व्हायचो."

"मग तुम्हाला काय मिळाले?"

त्याला माझ्या प्रश्नाचेच नवल वाटले. "अवो साहेब, आपण जिंकलो की!" असे म्हणून त्याने माझ्याही कपाळी गुलाल लावला.

माझ्या अर्जांनी कित्येकांना न्याय मिळाला. परंतु 'आपण जिंकलो' असे मला एकदाही वाटले नाही.

तरी सदर इसम कोणत्या हक्काने इतका आनंदी असतो याची चौकशी व्हावी, व तोच हक्क अर्जदारासही मिळावा, ही विनंती. उत्तर येईपर्यंत अर्जदार कपाळ पुसणार नाही.