दादाचा आवाज

घशाच्या ऑपरेशनआधी शिवणवाल्या वहिनींच्या नवऱ्याने रोजची वाक्यं कॉम्प्युटरवर बोलून ठेवली होती. आवाज गेल्यावर तो बटण दाबून बायकोशी बोलायचा. पुढे तो गेला, आणि आता कॉम्प्युटरनेही मान टाकली. नणंद नवी सिस्टिम टाकायला बसली.

“वहिनी, काय काय ठेवू?”

“बाकीचं गेलं तरी चालेल. तुझ्या दादाचा आवाज तेवढा जपून काढ.”

फाइली बाहेर काढून नव्या सिस्टिममध्ये परत घातल्या, पण एकही वाजेना. “गेला का गं त्यांचा आवाज?” वहिनींनी विचारलं.

“घाबरू नका, फाइली शाबूत आहेत. वाजवणारा प्रोग्राम तेवढा टाकायचाय.”

थोड्या वेळाने ओळखीचा घोगरा आवाज खोलीत उमटला, “अगं, दिवा लाव. डोळे फोडून घेशील.”

अंधारून आल्याचं दोघींच्याही ध्यानात आलं नव्हतं. वहिनींनी डोळे पुसले आणि उठून दिवा लावला.