किंमत निरंक

पेडगावच्या त्या आजींनी ठाण्यात समोर ठेवलेला पाण्याचा पेला परत सरकवला, ते मी निवृत्तीनंतरही विसरलेलो नाही.

आदल्या दिवशी भांडी उजळायची पावडर विकणारं जोडपं त्यांच्या दारात आलं होतं. आजी लिंगायत. गळ्यातल्या चांदीच्या डबीत रोज तळहातावर घेऊन पुजायचं इष्टलिंग, आणि डबीचं झाकण भस्मानं गच्च बसलेलं. ते सैल करतो म्हणून त्या माणसानं डबी हळदीच्या गरम पाण्यात टाकल्यासारखं दाखवलं, पातेलं झाकलं आणि अर्धा तास उघडू नका असं बजावलं. भाबड्या आजींनी तासभर उघडलं नाही. आत निघाला खडा. खोटं का बोलू, मला हसू आलं होतं.

"आजी, निदान चहा घ्या."

"लिंगपूजा झाल्याबिगर पानी बी घेत न्हाई, बाबा. कालपास्नं अशीच हाय."

माझं हसू जागच्या जागी विरलं. ऐंशीच्या घरातलं माणूस, अजून किती तग धरणार?

तेवढ्यात जिंतूरच्या बसस्थानकावरून आमच्या खबऱ्याचा फोन आला, पावडरवालं जोडपं तिथं दिसलं म्हणून. दुपारी दोघं ठाण्यात हजर. नवऱ्याच्या झडतीत डबी सापडली, पण रिकामी. दरडावून झालं, गोडीनं झालं, पठ्ठ्या ढिम्म. शेवटी मी त्याच्या बायकोला बाकावरच्या आजी दाखवल्या आणि त्या का उपाशी आहेत ते सांगितलं.

तिनं पदराची गाठ सोडली. आत लिंग होतं. "ह्ये फेकाय निघाले व्हते, म्या फेकू दिलं न्हाई. तीन गावं फिरलो साहेब, एक पुडी खपली न्हाई. आमी बी उपाशीच हाव."

हवालदार पंचनामा लिहू लागले, "काळा दगड, एक. किंमत निरंक."

"दगड नका लिहू, साहेब," तीच म्हणाली. मी ते खोडून 'इष्टलिंग' लिहायला लावलं.

आता पेच असा, की कोर्टाच्या हुकुमाशिवाय मुद्देमाल परत देता येत नाही. मग लिंग ठाण्यातच ठेवलं आणि माझं टेबल रिकामं करून पंचांसमोर आजींना पूजेला बसवलं. तळहातावर लिंग घेताच आजींना रडू फुटलं. माझेही डोळे भरून आले. पूजा झाल्यावर त्या पाणी प्यायल्या, त्यांच्या सुनेनं घरून आणलेली भाकरी मोडली आणि अर्धी त्या बाईपुढे धरली. "खा गं. तू फेकलं न्हाईस."

दुसऱ्या दिवशी कोर्टानं लिंग आजींच्या ताब्यात दिलं. नवरा-बायकोनं गुन्हा कबूल केला, शिक्षाही भोगली. माणूस लबाडी करतो तेव्हाही त्याच्या पदराला काहीतरी चांगलं बांधलेलं असू शकतं, हे मला त्या दिवशी कळलं. त्यानंतर मी झडती घेतली तरी माणसाची किंमत निरंक लिहायची घाई केली नाही.

परवा पालमच्या बाजारात तीच बाई पावडर विकताना दिसली. मला पाहून आधी चपापली, मग हसली.

"घ्या की साहेब! पर भांडी तुमच्या घरी तुमीच घासा, म्या आता कुनाच्या भांड्याला हात लावीत न्हाई."

मी दोन पुड्या घेतल्या.