फादरांचे गोत्र

माझे यजमान इस्पितळात शेवटच्या अवस्थेत होते, तेव्हा आमच्या एकुलत्या मुलाला मी बाहेरच्या बाकाशेजारी गुडघ्यांवर बसलेले पाहिले. हात बाकावर जुळलेले, मान खाली, ओठ हलत होते. शब्द ऐकू आले नाहीत. ऐकू येतील या भयाने मीच मागे फिरले.

तंजावूरच्या राजवाड्यामागच्या आमच्या गल्लीतून त्याला पहिलीपासून ख्रिस्ती शाळेत धाडले ते यजमानांनी. "गणित आणि इंग्लिश चांगलें शिकवतात. देव घरांत आहेच की," असे ते म्हणत. मी मुलगी असूनही माझ्या वडिलांनी मला संस्कृत पढवले होते. स्तोत्रे आपण शिकवू, असे मलाही वाटले. स्तोत्रे त्याला पाठ झाली. प्रार्थना मात्र तो शाळेत शिकला.

हे गेल्यावर वर्षभराची कर्मे त्याने केली. त्यानंतरचा पहिला महालय जवळ आला, तेव्हा चेन्नईहून त्याचा फोन आला.

"आई, मी तर्पणाला बसत नाही. वाध्यार म्हणतात तें मी पोपटासारखें म्हणतों. मनांत नाही तें देवापुढें बोलूं नये, असें फादर शिकवायचे."

वाध्यार म्हणजे आमचे पुरोहित. माझे हात गार पडले. तर्पणातला शब्दन्‌शब्द मला येतो. पाणी मात्र मला देता येत नाही, ते मुलानेच द्यायचे. त्याने दिले नाही, तर हे तहानलेले राहणार. आणि त्याहून मोठा प्रश्न ओठांपर्यंत येऊन परत जाई: तू त्या फादरांच्यातला झालास का?

मी एवढेच म्हटले, "अर्थ सांगितला, तर बसशील?"

"अर्थ कळूं दे. मग बघूं."

तो सुटी काढून आला. संध्याकाळी दिवा लावल्यावर मी एकेक मंत्र उलगडून सांगे आणि तो प्रश्न विचारी.

"पाणी खरेंच पोचतें, आई?"

"तें मला ठाऊक नाही रे. पोचावें म्हणून देतों."

"फादरही असेंच म्हणाले असते," तो हसला. मला हसू आले नाही.

अमावास्येला त्याने अंगातला सदरा काढला, तेव्हा मी स्वयंपाकघराच्या दारातून पाहत होते. गळ्यात क्रूस नव्हता. जानवे होते, आजच्यासाठी घातलेले कोरे नव्हे, घामाने पिवळे पडलेले.

"इंग्लिश सार, पवित्रक उजव्या हाताच्या बोटांत!" वाध्यार म्हणाले; 'सर'ला ते तमिळ वळणाने 'सार' म्हणत. "डाव्या हातानें देव पावत नाही, पितर तर मुळींच नाहीत."

दर्भाचे पवित्रक बोटात चढवून मुलगा थांबला. "सुरू करण्याआधी एक सांगतों. मला गणित शिकवणारे फादर यंदा वारले. त्यांना मूल नाही. शेवटीं आचार्यांना पाणी देतात, असें आई म्हणाली. तेव्हां त्यांनाही द्यायचें. त्यांना वगळलें, तर माझें बाकीचें म्हणणें पुन्हा खोटेंच होईल."

वाध्यारांनी तांब्या खाली ठेवला. "अय्यो! फादरांचें गोत्र काय म्हणूं मी? तुम्हीच सांगा, मामी."

दोघेही माझ्याकडे पाहू लागले. नाही म्हणावे, तर तो उठेल आणि ह्यांचे पाणी तांब्यातच राहील. हो म्हणावे, तर माझ्या वडिलांनी विश्वासाने हाती दिलेल्या विधीत मी कोणाला आत घेत होते? मी दाराची चौकट धरली.

"ज्याचें गोत्र ठाऊक नाही, त्याचें काश्यप," मी म्हणाले. माझा आवाज मलाच परका वाटला. "शास्त्र तुम्हांला मी सांगायला नको."

"तें खरें, मामी, पण…"

"गुरु की नाही ते त्याचे? म्हणा."

वाध्यारांनी तांब्या उचलला. वडिलांचे गोत्र आणि नाव मुलाने इतके स्वच्छ उच्चारले, की माझे डोळे भरून आले. सर्वांत शेवटी काश्यप गोत्रातल्या फादरांना तिलोदक दिले. काळे तीळ अंगठ्याच्या कडेने ताम्हणात उतरले. मग त्याने मान खाली घातली, अगदी इस्पितळातल्यासारखी, आणि त्याचे ओठ हलले.

या वेळी मी तिथेच उभी राहिले. शब्द ऐकू आले नाहीत. तो प्रश्न मी त्याला अजूनही विचारलेला नाही. पुढचा महालय जवळ येऊ लागला, की माझे हात पुन्हा गार पडतात.