चार श्चेगोलेवा आणि एक रिम्माबाई

रिम्मा अनातोल्येव्हना श्चेगोलेवा या पेन्झा शहरात एकच होत्या. हे आधीच सांगून ठेवतो, पुढे कोणी विश्वास ठेवायचं नाही.

तीस वर्षं त्या इथल्या एका संस्थेत मानसशास्त्र शिकवत होत्या आणि तीस वर्षं रांगेत उभ्या होत्या. तसे आम्ही सगळेच उभे होतो म्हणा, बुटांना, सॉसेजला, मिळेल त्याला. पण बाई उभ्या-उभ्या सगळं वहीत टिपून घ्यायच्या. आमच्यात रांगेत शिरताना "शेवटचं कोण?" असं विचारतात आणि जो "मी" म्हणेल त्याची पाठ धरतात. त्यातूनच बाईंनी शोध लावला: पुढच्याची पाठ माणसाला जन्मभर आठवते, मागचा मात्र घरी पोचेपर्यंत विसरलेला असतो. बावीस नंबरच्या खोलीत त्या वह्यांची खोकी छतापर्यंत गेली होती. बाईंचा सगळा जीव त्या खोक्यांत.

मग वरून फर्मान आलं. रशियन मानसशास्त्र जगाच्या प्रवाहात मिसळलंच पाहिजे! ज्याचे परदेशी नियतकालिकांत चार लेख नाहीत, त्याने खुर्ची सोडावी, खोलीही सोडावी.

बाईंचे चार होते की! साठीला टेकल्यावर इंग्रजी शिकून, शब्दकोशाची पानं झिजवून लिहिलेले. पण उपसंचालक वादिम गेनरिखोविच संगणकात डोकावून म्हणाले, "एक."

"अहो, नीट बघा. चार आहेत."

"चारच आहेत. पण चार वेगवेगळ्या बायकांचे."

घोळ घातला होता आडनावाच्या पहिल्या अक्षराने. आमच्याकडे ते एकच अक्षर. परदेशी लिपीत त्याला चार-चार लागतात, आणि कोणती, यावर दोघांचं एकमत नाही. एका संपादकाने एक लावलं, दुसऱ्याने दुसरं, तिसऱ्याने अक्षरांना खुणांच्या टोप्या घातल्या, चौथ्याने जुन्या पासपोर्टातलं फ्रेंच थाटाचं स्पेलिंग उचललं.

"मग दुरुस्त करा ना!"

"अर्ज द्या. नऊ महिने लागतात. तुमच्या खुर्चीसाठीची निवड गुरुवारी आहे."

"नऊ महिन्यांत मूल होतं, वादिम गेनरिखोविच!"

"तुम्हाला तर आधीच चार झाल्यात."

आणि मंगळवारी हॉलंडच्या एका बड्या प्राध्यापकांचं पत्र आलं. चार रशियन संशोधिका, एकमेकींपासून स्वतंत्रपणे, एकाच निष्कर्षाला पोचल्यात. इतका भक्कम पुरावा क्वचित मिळतो. शोध पाठ्यपुस्तकात घेतोय. चौघींनीही परिषदेला यावं!

संचालक केक घेऊन धावत आले. "चार जागतिक शास्त्रज्ञ, तेही पेन्झात! बाकीच्या तिघींना ओळखता का हो?"

"रोज आरशात बघते."

त्यांना उलगडायला वेळ लागला. मग दार लोटून म्हणाले, "हे बघा, तुम्ही फक्त तोंड मिटून बसा. चौघींचे अर्ज घेऊ आणि त्या फ्रेंच स्पेलिंगवाल्या बाईंना निवडू, त्या जरा भारदस्त वाटतात. पाठ्यपुस्तकात गेलेल्या बाईला चार लेख कोण विचारतंय? खोली त्यांना, म्हणजे तुम्हालाच."

बाई घरी जाऊन बटाटे सोलत बसल्या. तोंड मिटलं तर खोकी वाचणार होती. पण ज्या वह्यांत कधी एक आकडा खोटा लिहिला नाही, त्या खोट्याच्या आधाराने वाचवायच्या? त्यांना स्वतःचीच लाज वाटली. बटाटे तसेच टाकून त्यांनी हॉलंडला लिहिलं: चौघीही मीच.

गुरुवारी सकाळी उत्तर हजर. अत्यंत दिलगीर आहोत. स्वतःची साक्ष स्वतःच दिलेली चालत नाही. दुसरं कोणी सांगेपर्यंत शोध पुस्तकातून काढतोय.

"चौघी होतात तेव्हा एकेकीचा एक तरी होता," संचालक चडफडले. "एक झालात आणि शून्यावर आलात!"

खोकी बाईंच्या बाल्कनीत गेली, उरलेली शेजारणीच्या पलंगाखाली.

सोमवारी नोकरी सुटल्याचा कागद द्यायला त्या पेन्शन कचेरीत गेल्या. बोळभर रांग.

"शेवटचं कोण?"

"मी," म्हणत एक म्हातारी वळली आणि बघतच राहिली. "अगं बाई! तुम्हाला ओळखते मी. चौऱ्याऐंशी साली, बुटांच्या दुकानाबाहेर, तुम्हीच वळून 'मी' म्हणाला होतात. हिरवा कोट, पाठीवरच्या पट्ट्याचं बटण लोंबत होतं. तीन तास त्या बटणाकडे बघत उभी होते हो!"

रिम्माबाईंनी खूप आठवून पाहिलं. "मला तुम्ही मुळीच आठवत नाही," म्हणाल्या, आणि त्यांना रडूच फुटलं.

"इश्श, रडताय काय? मी मागे होते. मागच्याला कोण बघतंय?"

बाईंनी डोळे पुसले, पिशवीतून वही काढली.

"नाव सांगा."

"नोना तोमिना."

बाईंनी ते नाव मनातल्या मनात परदेशी लिपीत लिहून पाहिलं. एकाच तऱ्हेने लिहिता येत होतं.