नलिनीताईंनी परत मागवलेला शोधनिबंध

नलिनीताई गेल्याचं कळलं तेव्हा मी कारेगावात त्यांच्याच कामावर, एका कामगाराच्या खोलीत बाळाचं वजन करत होते. झोळीत बाळ, हातात काटा, आणि पिशवीतला फोन सारखा वाजतोय. शेवटी बाळाच्या आईनेच तो काढून माझ्या कानाला लावला. दौंडच्या दवाखान्यातली सिस्टर होती; ओपीडीच्या आदल्या रात्री ताई तिथेच मुक्कामाला असायच्या. ‘सकाळी चहा घेऊन गेले तर उठल्याच नाहीत…’ एवढंच ती बोलू शकली. मी काट्यावरचा आकडा वाचला, कार्डावर लिहिला, बाळ आईच्या मांडीवर दिलं आणि मग भिंतीला टेकून खाली बसले. त्याला आता सहा आठवडे होऊन गेले.

डॉ. नलिनी टिपणीस मानसोपचारतज्ज्ञ होत्या. राहायला पुण्यात, पण शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या बाळंतिणींच्या मनाचा अभ्यास हेच त्यांचं आयुष्यभराचं काम. बाळंतिणीला काय खायला घालायचं, किती दिवस शेक द्यायचा, हे आमच्याकडे सगळ्यांना पाठ असतं. तिच्या मनात काय चाललंय, हे विचारायला त्या गावोगाव फिरल्या. माझी त्यांची ओळख मात्र आधी कागदावर झाली, आणि तीही खोटी.

मी तेव्हा तळेगाव ढमढेऱ्यात नवी सून होते. आमच्या घरात पूर्वी मेंढरं होती, माझ्या सासऱ्यांच्या काळापासून ऊस. पहिली मुलगी झाली आणि दोन महिन्यांनी दोन मुली कागद घेऊन घरी आल्या. त्या नलिनीताईंच्या पाहणीसाठी आल्या होत्या. माझ्या शेजारी आत्याबाई, म्हणजे सासूबाई, लसूण सोलत बसल्या. झोप लागते का? लागते. रडू येतं का? न्हाई. कशाचा कंटाळा येतो का? न्हाई. सगळ्या प्रश्नांना मी ‘न्हाई’ म्हटलं. त्याच्या आदल्या आठवड्यात मी बाळाला पाळण्यात ठेवून, कुणाला न सांगता एसटी स्टँडपर्यंत चालत गेले होते. जी गाडी पहिली येईल तीत बसायचं, एवढंच डोक्यात होतं. जीप आली, ड्रायव्हरने ‘चला, शिक्रापूर’ म्हणून हाकही मारली. पण तेवढ्यात मला पान्हा फुटला. पोलकं पार भिजलं. अशा अवतारात लोकांत कसं बसायचं, म्हणून मी परत फिरले. बाळाच्या मायेने फिरले असं म्हणायला बरं वाटलं असतं, पण तसं नव्हतं.

चार वर्षांनी नलिनीताईंना पुढच्या पाहणीसाठी बारावी झालेल्या बायका हव्या होत्या. मी तोवर बरीच सावरले होते. अर्ज केला आणि निवडही झाली. शिरूरला प्रशिक्षण होतं. सुती साडी, आखूड केस, बोलताना चष्मा काढून हातात फिरवायची सवय… त्या आम्हाला पहिल्या पाहणीचं सार सांगत होत्या. इथल्या बाळंतिणी शहरातल्यांपेक्षा सुखी दिसतात, एकत्र कुटुंबाचा त्यांना आधार असतो. यावरचा शोधनिबंध एका नियतकालिकाने स्वीकारला होता. त्या आनंदात होत्या. जेवणाच्या सुट्टीत मी त्यांच्याजवळ गेले आणि म्हणाले, ‘मॅडम, त्यात एक कागद माझा हाय. तो खोटा हाय.’

मला वाटलं, चिडतील. त्यांनी डबा बाजूला सारला, मला स्टूल दिलं आणि विचारलं, ‘का?’

‘आत्याबाई शेजारी होत्या.’

‘त्या नसत्या तर खरं सांगितलं असतं?’

मी विचार केला. ‘न्हाई. तुम्ही इचारलं रडू येतं का. मला रडूच येत नव्हतं. काहीच येत नव्हतं.’

त्यांनी ते वाक्य जसंच्या तसं लिहून घेतलं. मग वही मिटून हळूच म्हणाल्या, ‘आणि आता? आता कशा आहात, सिंधू?’ तेव्हा मात्र मला रडू आलं. तो सगळा वेळ त्या बाजूच्या स्टुलावर नुसत्या बसून राहिल्या.

पुढच्या आठवड्यात त्यांनी तो शोधनिबंध परत मागवला. सहकारी नाराज झाले. एका बाईच्या बोलण्यावरून इतक्या वर्षांचं काम कशाला मोडायचं, असं एकाने माझ्यादेखत म्हटलं. ताई म्हणाल्या, ‘एक बाई बोलली. न बोललेल्या किती, ते बघायला नको?’ त्यांची बढती त्या वर्षी हुकली, हे मला खूप उशिरा, दुसऱ्याच कुणाकडून कळलं.

मग आम्ही पुन्हा त्याच घरांत गेलो, आणि नव्या बाळंतिणींच्या घरांतही. आता बाईला एकटीला गाठायचं, आणि प्रश्नही नवे. ‘कुठं निघून जावंसं वाटतं का?’ हा प्रश्न मी सुचवलेला. तो विचारला की काही बायका चपापून दाराकडे बघायच्या, आणि मग बोलायला लागायच्या. ताईंना प्रत्येक उत्तराचं नवल वाटायचं. गाडीत बसल्यावर म्हणायच्या, ‘हे मला कुठल्याच पुस्तकात भेटलं नव्हतं.’

त्यांना सासवांशीही बोलायचं होतं. माझ्या घरी येण्याआधी त्यांनी मला विचारलं, ‘तुमच्या सासूबाईंशी बोललं तर चालेल ना? तुमचं मी काही बोलणार नाही.’ आत्याबाईंना त्यांनी फक्त एवढंच विचारलं, की पाहणीच्या मुली येतात तेव्हा सासवा सुनेजवळून उठत का नाहीत?

आत्याबाईंनी पदर सावरला. मग माझ्याकडे न बघता म्हणाल्या, ‘ही स्टँडावर गेली व्हती. पोरीला टाकून. चहावाल्यानं येऊन सांगितलं मला.’

चार वर्षं मला वाटत होतं, ते फक्त मला माहीत आहे.

‘मग तुम्ही तिला काही बोलला नाहीत?’ ताईंनी विचारलं.

‘काय बोलू? बोलले असते तर परत गेली असती. तवापासनं हिला येकटी सोडली न्हाई. न्हाणीत गेली तरी दाराशी बसायचे. त्या पोरी आल्या तवा म्हनूनच बसले.’ मग म्हणाल्या, ‘मलाबी थोरल्याच्या वक्ताला आसंच झालं व्हतं. माझ्याजवळ कुणी बसलं न्हाई.’

ताई परत निघाल्या तेव्हा मी जीपपर्यंत सोडायला गेले, तर त्या चष्मा हातात फिरवत उभ्या. ‘सिंधू, आपण सासूला दाराबाहेर काढायला निघालो होतो,’ त्या म्हणाल्या. ‘सासू धाक म्हणून बसते, हे आपलं दुसरं अनुमानही अर्धंच खरं!’ स्वतःची चूक सापडल्यावर इतकं खूश झालेलं माणूस मी दुसरं पाहिलं नाही. त्यानंतर त्यांच्या पाहणीत सुनेशी एकटीशी बोलल्यावर सासूलाही वेगळं बसवून विचारायचं, अशी रीत पडली. आत्याबाई आणि मी मात्र त्या दिवसाबद्दल पुन्हा कधीच बोललो नाही. फक्त त्या संध्याकाळी मी त्यांच्या डोक्याला तेल लावून दिलं, आणि त्यांनी ते लावू दिलं.

ताईंना हाच विषय का घ्यावासा वाटला, हे विचारायचं माझ्या मनात वर्षानुवर्षं होतं. ते राहूनच गेलं…

मागच्या गुरुवारी दौंडला गेले. ताईंचा ओपीडीचा दिवस गुरुवार. कागदपत्रं आवरायची होती. त्यांच्या खोलीत टेबल भिंतीला लावलेलं आणि दोन खुर्च्या शेजारी शेजारी, दोन्ही खिडकीकडे तोंड करून. समोरासमोर बसलं की बायका डॉक्टरांच्या तोंडाकडे बघून उत्तरं देतात, म्हणून त्यांनी ती तशी मांडणी केली होती. मी फायली बांधत असताना दारात एक मुलगी आली. कडेवर तान्हं बाळ. (तिला विचारूनच लिहिते आहे, नाव लिहीत नाही.) मधे ती माहेरी होती, तिला काही कळलेलं नव्हतं. ती सवयीने खुर्चीत बसली आणि म्हणाली, ‘डॉक्टरताई कवा येणार?’

मी सांगितलं. ती उठली नाही. खिडकीबाहेर बघत राहिली.

‘औषधाचं नवे डॉक्टर बघतील, पुढच्या गुरुवारपासून येतील,’ मी म्हटलं. दुसऱ्या खुर्चीवरच्या फायली उचलून खाली ठेवल्या आणि तिच्या शेजारी बसले. आम्ही दोघी समोरच्या रस्त्याकडे बघत होतो.

‘काल तव्यावर भाकरी टाकली आन् बघत बसले,’ ती म्हणाली. ‘जळंस्तोवर.’

‘बघताना काय वाटत होतं?’ मी विचारलं.

तिने बाळाला या मांडीवरून त्या मांडीवर घेतलं, आणि सांगायला लागली.