सगळ्यात मोठी भीती

कॉलेजात असताना मी लोकमत पाहणीचं काम करायचो. जगापुढच्या संकटांबद्दल लोकांना काय वाटतं, हे विचारत भोर-वेल्ह्यात घरोघर फिरायचो. हिर्डोशी गावाच्या वरच्या अंगाला एका घरात एक बाई नाचणी पाखडत बसली होती. नवरा मोठा गोड माणूस. त्याने घोंगडी अंथरली, पाणी दिलं आणि तिची उत्तरंही तोच देऊ लागला. ती खाली मान घालून सूप हलवत राहिली.

"तुम्हाला सगळ्यात जास्त भीती कशाची वाटते? युद्ध, रोगराई, दुष्काळ?" मी तिला विचारलं.

तेवढ्यात तो चहाला दूध आणायला शेजारी गेला. सूप थांबलं. दाराकडे बघत तिने पदर जरासा सरकवला. गळ्यावर बोटांचे काळेनिळे वळ होते.

"ह्यांची," ती म्हणाली.

तो दूध घेऊन हसत परतला.

"काय म्हनली ही?"

माझ्याआधी तीच बोलली, "लढाईचं भ्या वाटतं म्हनलं."

"खुळी कुठली! हितं कुठं आलीया लढाई?"

सूप पुन्हा हलू लागलं.